सगळी कर्जं एका कागदावर

फुलंब्री तालुक्यातल्या बचतगटांच्या आम्ही काहीजणी आज तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. विषय आहे कर्जाचा. कर्ज कसं मिळेल हे सांगायला गावात पुष्कळजण येतात. घेतलेलं कर्ज झेपेनासं झालं तर काय करायचं, हे सांगायला मात्र कुणी येत नाही. म्हणून आज तेवढंच बोलू.

आधी आपलं दुखणं समजून घेऊ. बाबरा असो, वडोद बाजार असो, पीरबावडा असो की आळंद, आपल्या शेतातला पैसा रोज येत नाही. मका दिवाळीच्या आसपास विकतो, कपाशीचा पैसा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणीप्रमाणे येतो. अद्रक लावली तर बेण्यालाच मोठी रक्कम लागते, आणि भाव एका वर्षी चढतो तर दुसऱ्या वर्षी उतरतो. हप्ता मात्र दर आठवड्याला, नाहीतर पंधरा दिवसाला. पाऊस लांबला म्हणून हप्त्याचा वार लांबत नाही. मग एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीचा भरायला तिसरीचं, आणि तिसरी देईना की सावकार. यात पैसा उडवलेला नसतो. दवाखाना, पोरीचं लग्न, बोअर, बी-खत यातच तो गेलेला असतो. पण कर्ज बाईच्या नावावर, म्हणून तोंड लपवायची वेळही बाईवर येते.

म्हणून पहिलं काम म्हणजे लपवणं थांबवायचं. घरातल्या सगळ्यांना समोर बसवा. मालकांना बसवा, सासूबाईंना बसवा, शाळेत जाणाऱ्या लेकीच्या हातात पेन द्या. कोरा कागद घ्या आणि एकेका कर्जाची ओळ लिहा: कुणाचं, किती घेतलं, आज किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, कुठल्या तारखेला, आणि कुणाकडे काय गहाण आहे. कृषी सेवा केंद्राची उधारी, किराण्याची उधारी, भावाकडून घेतलेले हातउसने, सोनाराकडची पोत, सोसायटीचं पीककर्ज, सगळं आलं पाहिजे. आपल्या नावावर दुसऱ्या बाईला काढून दिलेलं कर्जही लिहा, कारण कागदोपत्री ते आपलंच आहे.

आता एक घर धरून हिशेब करू. समजा वर्षाला सगळं मिळून १,८०,००० रुपये येतात, म्हणजे महिन्याला १५,०००. किराणा, लाइट बिल, शाळा, दवाखाना, गाडीभाडं मिळून ९,५०० खर्च. हातात उरले ५,५००. आता हप्ते बघा. पहिली फायनान्स कंपनी २,६००. दुसरी पंधरा दिवसाला १,३००, म्हणजे तेही २,६००. बचतगट ८००. सावकाराकडून ४०,००० घेतलेत तीन रुपये शेकड्याने, त्याचं नुसतं व्याज १,२००. बेरीज झाली ७,२००. दर महिन्याला १,७०० रुपयांचा खड्डा. हा खड्डा वर्षात २०,४०० रुपयांचा होतो, आणि तेवढ्यासाठी चौथी कंपनी दारात उभी राहते.

कंपनी कर्ज देतेच कशी, असं तुम्ही विचाराल. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्या घराला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्सचं कर्ज. घर म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. आपल्या घराला ही मर्यादा ७,५०० ची. कंपनीला संगणकावर दोन कंपन्यांचे ५,२०० दिसतात. सावकार तिथे दिसत नाही, दुकानाची उधारी दिसत नाही, आणि घराला महिन्याला ९,५०० लागतात हेही दिसत नाही. म्हणून कंपनीच्या हिशेबात बसलं तरी आपल्या हिशेबात बसतंच असं नाही. आपली मर्यादा आपणच ठरवायची: खर्च जाऊन जे उरतं, तेवढाच हप्ता.

आता त्याच घराची फेडीची योजना करू. नियम पहिला: जुनं फेडायला नवं कर्ज काढायचं नाही. याला एकच सूट आहे. नव्याचं व्याज जुन्यापेक्षा कमी असलं पाहिजे आणि जुनं खातं त्याच दिवशी बंद झालं पाहिजे. सावकाराचे तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के. आपण १,२०० देत राहतो आणि ४०,००० तसेच राहतात. उमेदच्या गटांना ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. गटाने त्यातून या बाईला एक रुपया शेकड्याने ४०,००० दिले, तर महिन्याला साधारण १,३३० भरून तीन वर्षांत मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटतं. म्हणजे १३० रुपये जास्त भरले, पण कर्ज संपलं.

आता ५,५०० मधून गटाचे ८०० आणि हे १,३३० गेले. उरले ३,३७०. दोन कंपन्यांना मिळून ५,२०० देणं होणार नाही, पण १,६०० प्रमाणे ३,२०० देता येतात. कपाशीचा पैसा आला की दुकानाची उधारी आधी भागवायची, नाहीतर पुढच्या खरिपाला बी मिळणार नाही. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज मुदतीत भरायचं, कारण वेळेत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते. पीक गेलं आणि सरकारने नुकसान जाहीर केलं, तर पीककर्जाची मुदत वाढवून देण्याची सोय बँकांमध्ये असते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा किती शिवारं पाण्याखाली गेली ते आपल्याला माहीत आहे. अशा वेळी शाखेत जाऊन लेखी अर्ज करायचा. नुसतं तोंडी बोलून काम होत नाही.

आता कंपन्यांशी बोलायचं. हप्ता चुकण्याच्या आधी जायचं, चुकल्यावर दार लावून बसायचं नाही. वसुलीला येणाऱ्या सरांच्या हातात मुदत वाढवणं नसतं, म्हणून अर्ज शाखेच्या मॅनेजरच्या नावाने करायचा. अर्ज असा लिहा:

“माझं कर्ज खातं क्रमांक अमुक. माझा हप्ता २,६०० रुपये आहे. घरचं उत्पन्न कमी झाल्याने मला एवढा हप्ता भरता येत नाही. मी दर महिन्याच्या १० तारखेला १,६०० रुपये भरू शकते. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करावा. मुदत वाढवल्यावर एकूण किती रक्कम भरावी लागेल ते लेखी द्यावं.”

सोबत आपल्या हिशेबाच्या कागदाची झेरॉक्स लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढतं, म्हणून शेवटची ओळ विसरू नका. कंपनी हो म्हणेलच असं नाही, ते बंधन तिच्यावर नाही. पण अडचणीत आलेली बाई ओळखून तिच्याशी बोलण्याची आणि तिला मार्ग सांगण्याची व्यवस्था कंपनीकडे असली पाहिजे, हे नियमात आहे. उत्तर येईपर्यंत जेवढं झेपतं तेवढं भरत राहा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. जेवढं झेपेल तेवढं कबूल करा. लाजेपोटी २,६०० ला मान हलवली आणि दुसऱ्याच महिन्यात चुकलं, तर आपला शब्दही जातो.

घ्यायचे नियम त्यांना, तसे वसुलीचेही आहेत. ते तोंडपाठ करा. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. वसुली ठरलेल्या जागीच. बाई लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथे आली नाही, तरच घरी येता येतं. शिवीगाळ, धमकी, मारहाण चालत नाही. नातेवाइकांना त्रास देणं, कर्जदारांची नावं जाहीर करणं चालत नाही. दंड लावायचा तर तो थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड आपल्याला कळेल अशा भाषेत मिळालं पाहिजे. विमा किंवा एखादी वस्तू कर्जासोबत घ्यायलाच लागेल, असं म्हणता येत नाही.

त्रास झाला तर आधी कंपनीकडे तक्रार करा, नंबर कर्जाच्या कार्डावर असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीचा नंबर १४४४८, आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत. अंगावर कुणी आलं तर थांबायचं नाही, ११२ लावायचा.

“पोलीस घेऊन जातील” ही धमकी पुष्कळ बाया ऐकतात. नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे. पण सही केलेला चेक परत गेला तर गुन्हा होऊ शकतो. म्हणून कोरा चेक, कोरा स्टँप कुणालाही द्यायचा नाही. आधार कार्ड, पासबुक, एटीएम, रेशन कार्ड गहाण ठेवायचं नाही. कोर्टाची नोटीस आली तर फेकून देऊ नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्याने आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर विचारा.

आता सावकार. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ ला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांची खतं आणि रोखे शोधून जाळले. कर्जाची ताकद कागदात असते हे त्यांना कळलं होतं. आज जाळपोळीची गरज नाही, आपल्या हाती २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. परवाना असला तरी शेतकऱ्याकडून तारण घेऊन वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. तेव्हा आजवर किती व्याज दिलं ते आधी मोजा. तीन रुपये शेकड्याने ३४ महिने दिले की ४०,००० वर ४०,८०० व्याज होऊन जातं. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. कर्जापायी जमीन लिहून घेतली असेल तर निबंधक चौकशी करून ती परत देण्याचा आदेश देऊ शकतात. पैसे देऊन मिटवायचं ठरलं तर चार माणसांसमोर द्या आणि आपली चिठ्ठी, स्टँप त्याच वेळी परत घ्या.

“एवढे पैसे द्या, सगळं कर्ज माफ करून देतो” असं सांगत कुणी आलं, तर त्याला चहासुद्धा देऊ नका. माफी झालीच तर ती सरकार जाहीर करतं, त्यासाठी दलाल लागत नाही.

शेवटचं बोलणं गटातल्या बायांशी. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना थांबवून ठेवतात, मग आपणच तिच्या दारात जाऊन बसतो, तिची भांडी उचलायची भाषा करतो. जामीन म्हणून आपली सही असेल तर जबाबदारी येते, हे खरं. म्हणून सही करतानाच विचारायचं. पण आयाबायांनी मिळून एकीला गावातून उठवणं कुठल्याही नियमात नाही. असं केल्याने पैसेही वसूल होत नाहीत, आणि उद्या आपली वेळ आली की आपल्या दारातही तीच माणसं बसतात. तिच्यासोबत शाखेत चार बाया गेल्या, तर मॅनेजरही खुर्ची देतो. एखादी बाई बोलेनाशी झाली, जिवाचं काही करीन म्हणाली, तर तिला एकटी ठेवू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

तेव्हा येत्या बैठकीत वसुलीच्या आधी अर्धा तास काढा. प्रत्येकीने आपला कागद आणायचा. लिहिता येत नसेल तिचा दुसरीने लिहायचा, आणि तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं. किती बाकी, किती झेपतं, कुणाकडे अर्ज करायचा, एवढ्या तीन गोष्टी ठरल्या की त्या दिवसाचं काम झालं. पुढच्या महिन्यात तोच कागद पुन्हा काढायचा आणि बाकी किती उतरली ते बघायचं.

इतकंच सांगायचं होतं.