मधुमेही आणि दाण्याचें लोणी

भुईमुगाचा दाणा आपल्या स्वयंपाकघराला नवा नाहीं. त्याचें कूट भाजींत पडतें, चटणी भाकरीवर येते, आणि उपवासाच्या दिवशीं तर सारी भिस्त त्याच्यावरच असते. परंतु हाच दाणा लोण्यासारखा मऊ वाटला जाऊन ‘पीनट बटर’ या नांवानें बाटलींत शिरला, कीं त्याच्या सोबतीला आणखी कोण आलें आहे हें आपण पाहत नाहीं. ज्या घरांत मधुमेही माणूस आहे, त्या घरानें तें पाहिलेंच पाहिजे.

दाणा स्वतः निर्दोष आहे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें, ५० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, आणि कर्बोदकें अवघीं १६ ग्रॅम; त्यांतलाही निम्मा भाग चोथ्याचा. त्यामुळें रक्तांतील साखर सावकाश आणि थोडीच चढते. साबुदाण्याच्या खिचडींतला साबुदाणा बाजूस सारून जो मधुमेही दाणे तेवढे वेचून खाईल, त्याला मी शहाणा म्हणेन!

बिघाड होतो तो कारखान्यांत. वाटलेल्या दाण्याचें तेल कांहीं दिवसांनीं वर येतें, आणि गिऱ्हाईक त्याला नाक मुरडतें. म्हणून अमेरिकेंत १९२२ च्या सुमारास जोसेफ रोझफील्ड या रसायनज्ञानें, आपल्या वनस्पति तुपासारखें घट्ट केलेलें तेल वापरून हा तवंग थोपविण्याची युक्ति काढली. पुढें सर्वांनाच तसें एकजीव, गुळगुळीत लोणी आवडूं लागलें. तेल सुटलेली बाटली दिसली कीं माल शिळा, ही समजूत मात्र अगदीं उलटी आहे. वर तेल आणि खालीं घट्ट थर हें बहुधा निर्भेळ दाण्याचेंच लक्षण होय. चमच्यानें ढवळलें कीं काम झालें.

आतां बाटली कशी वाचावी तें सांगतों. पुढच्या बाजूस विक्रेता बोलतो, मागच्या बाजूस कायदा. तेव्हां ‘नॅचरल’, ‘हाय प्रोटीन’ या शब्दांवर न थांबतां बाटली फिरवावी. मागें घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमानें असते. ‘भाजलेले शेंगदाणे’ एवढ्यावरच ती संपली, तर त्याहून चांगलें कांहीं नाहीं. मीठ असलें तरी चालेल. मात्र रक्तदाब असेल तर तेंही नको. आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें पोषणाच्या कोष्टकांत एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन निरनिराळे आंकडे असावे लागतात. एकूण साखर १०० ग्रॅमला चार-पांच ग्रॅम दिसली तर दचकूं नये. ती दाण्याची स्वतःची. दुसरा आंकडा शून्य हवा. तो २० असेल तर हिशेब करा: दोन मोठे चमचे म्हणजे सुमारें ३० ग्रॅम लोणी, त्यांत ६ ग्रॅम साखर, म्हणजे चहाच्या चमच्यानें दीड चमचा!

साखर टोपण नांवांनींही येते. माझ्या एका वृद्ध स्नेह्यांनीं ‘साखर नाहीं, फक्त गूळ’ अशा बाटलीवर दोन महिने काढले, आणि रक्तांतली साखर कां उतरत नाहीं म्हणून ते बिचाऱ्या भाकरीला दोष देत राहिले. गूळ, मध, खजुराचा पाक यांना आपल्या मनांत पावित्र्य आहे. रक्ताला त्याचा पत्ता नसतो. मॉल्टोडेक्स्ट्रिन हें तर साखर म्हणवून न घेतां साखरेसारखेंच चढतें.

बाटली निर्दोष मिळाली तरी प्रमाण सुटूं देऊं नये. दोन मोठ्या चमच्यांत सुमारें १९० कॅलरी असतात, म्हणजे बेताच्या दोन पोळ्यांइतक्या. पांढऱ्या पावाच्या कापांवर तें फांसलें तर पावच साखर चढवील; काकडीच्या किंवा सफरचंदाच्या फोडीबरोबर एक चमचा पुरे. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यानें मात्र आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

घरीं करणें सर्वांत सोपें. दाणे मंद आंचेवर भाजून, सालें पाखडून, मिक्सरमध्यें थांबत थांबत फिरवावे. आधीं कूट होतें, मग गोळा बनतो, आणि धीर धरला तर तोच गोळा आपल्या तेलानें सैल होतो. पाणी घालूं नये. तें घातलें कीं लोणी लवकर बिघडतें. दाणे निवडतांना मात्र कंटाळा नको. १९६० सालीं इंग्लंडांत लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, आणि दोष निघाला भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीच्या विषाचा. तें विष भाजण्यानें पुरतें जात नाहीं. म्हणून काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे फेंकून द्यावे.

आणखी एक. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास एकाएकीं घाम सुटला, हात कांपूं लागले आणि साखर फार खालीं गेल्याचें दिसलें, तर त्या वेळीं हें लोणी देऊं नये. स्निग्धांशामुळें त्याचा उपयोग फार उशिरां होतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून ताबडतोब पाजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींही न घालतां तांतडीनें डॉक्टर गांठावा.