सांगलीच्या वतीने स्वागत



समाईक बाजारपेठेत प्रवेश केल्याने राष्ट्राच्या शेतीचे आणि अन्नप्रक्रियेचे काय होते, या गहन विषयाचा ऊहापोह करण्यासाठी आपण कृष्णाकाठच्या या नगरीची निवड केलीत, याबद्दल स्वागत समिती आपली अत्यंत ऋणी आहे.

श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेपासून विभक्त होऊन १८०१ साली येथे राजधानी केली, गजाननाचे मंदिर उभारण्यास हात घातला, पेठा वसवल्या. आणि त्यांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घातला, हे आपणांस विदित आहेच. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मग्राम हरिपूर येथून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमी आहे. पण हरिपूरचे नाव निघाले की माझे मन नाटकापेक्षा तेथील पेवांकडे धाव घेते, आणि आजच्या प्रसंगी त्यांच्याविषयी चार शब्द अधिक बोलण्याची अनुज्ञा मी मागतो.

नदीकाठच्या त्या घट्ट मातीत वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात विस्तीर्ण असे पेव खोदावे, त्यात वाळलेली हळकुंडे भरावी आणि तोंड मातीने बंद करावे. मग वर्षे लोटली तरी मालाला कीड लागत नसे आणि त्याचा रंगही टिकून राही. पेव उघडले की आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत कोणी उतरत नसे. कंदील सोडून पाहावा, तो विझला नाही तरच माणसाने पाय टाकावा, असा तेथला शिरस्ता. ज्यांनी मातीची नस ओळखून ही कोठारे खोदली त्यांची नावे कोणत्याही दप्तरात आढळत नाहीत; तथापि राजापुरी हळदीची ही पेठ देशभर नावारूपाला आली त्यात पेढीवरच्या सावकाराइतकाच त्या अनाम खोदणाऱ्यांचा वाटा आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. भाव पडला असता शेतकऱ्याला थांबता येई, ते या पेवांमुळे. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवे निकामी केली, याची हळहळ या गावात अद्याप सरलेली नाही.

आपल्या विषयाशी याचा संबंध मला दिसतो तो असा. आयर्लंडमधील कार्लो हे असेच एक शेतीवर जगणारे गाव. तेथे १९२६ साली बीटापासून साखर करणारा त्या देशातला पहिला टिकाऊ कारखाना निघाला. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आणि डेन्मार्क यांच्यासमवेत आयर्लंड युरोपच्या समाईक बाजारात दाखल झाला, तेव्हा तेथील गुराख्याला आणि दूधवाल्याला ब्रिटनच्या बाजारातील स्वस्ताईतून सुटका मिळून चांगले भाव लाभले, हे नाकारण्यात अर्थ नाही. साखरेलाही बांधून दिलेल्या कोट्याचे आणि हमीभावाचे छत्र मिळाले. परंतु ते छत्र ज्यांच्या हाती होते त्यांनी ते आखडते घेण्याची हालचाल सुरू करताच मार्च २००५ मध्ये कार्लोचा आणि पुढल्याच वर्षी मॅलोचा, म्हणजे उरलेला शेवटचा, कारखाना बंद पडला. सुमारे दोन लाख टनांचा कोटा त्या देशाने सोडून दिला आणि साखरेसाठी बीट लावणारा शेतकरी तेथे राहिला नाही. नुकसानभरपाई मिळाली, पण कारखाना मिळाला नाही. ज्या जिल्ह्यात वसंतदादा पाटलांनी सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली, तेथल्या माणसाला ही वार्ता परक्या मुलखाची वाटत नाही. बाजार विस्तारताना शेतकऱ्याच्या बांधाजवळचे कोठार आणि कारखाना कोणाच्या हुकमतीखाली राहील, याचा विचार आपल्या चर्चेत अग्रस्थानी यावा, एवढीच या बाजारपेठेतल्या माणसाची विनवणी आहे. तपशिलाचा अधिकार आपला.

आता व्यवस्थेविषयी. निवासासाठी विद्यालयाचे वर्ग घ्यावे लागले, त्यामुळे काही प्रतिनिधींना एका खोलीत चौघांनी राहण्याचा त्रास होत आहे; सकाळी पाण्याचा दाब अपुरा पडला, त्यासाठी टँकरची तजवीज केली आहे; आणि मंडपाचे आच्छादन उन्हाला पुरेसे ठरेल की नाही याची चिंता मला रात्रभर होती. आतिथ्यात जे न्यून राहिले असेल त्याचे उत्तरदायित्व माझ्यावर आहे, ते आपण उदार अंतःकरणाने पोटात घालावे.

हळदीचे आणि गुळाचे अडते, तासगाव भागातले बेदाणा उत्पादक, ज्यांनी भोजनखर्चाचा भार आपणहून उचलला. ज्यांनी मोबदला न घेता मंडप उभारला ते हमाल आणि तोलाईदार बांधव. दोन दिवसांची शिकवणी बाजूला ठेवून वर्ग मोकळे करणारे शिक्षक. पाहुण्यांसाठी घरची अंथरुणे आणून देणाऱ्या भगिनी. आणि नाव जाहीर न करण्याच्या अटीवर मोठी देणगी देणारे एक वृद्ध शेतकरी, या सर्वांचे मी समितीतर्फे कृतज्ञतापूर्वक आभार मानतो. दुपारच्या भोजनानंतर हरिपूरला जाण्यासाठी वाहने उभी राहतील. शिल्लक राहिलेले एखादे पेव आपण अवश्य पाहावे.

अध्यक्ष महाशयांनी आसन स्वीकारून कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी त्यांना विनंती करतो.