शिकाऱ्याचा सोबती

शेत आणि रानांतील प्राणी यांचें वैर फार जुनें आहे. मनुष्यानें पेरलें कीं न पेरणारा वाटेकरी आलाच. महाराष्ट्रांत जोंधळा दाण्यांत आला म्हणजे राखणदार माळ्यावर चढतो आणि गोफण फिरूं लागते. रानडुकरांसाठीं रात्रीं शेकोट्या पेटतात, डबे बडवले जातात. गोफणीच्या धोंड्यानें पाखरूं मरावेंच असा राखणदाराचा हेतु नसतो. तें उडून जावें एवढें त्याला पुरतें. अमेरिकेंतील शेतकऱ्यानें मात्र याच कामासाठीं बंदूक हातीं घेतली, आणि शेताच्या राखणींतून तेथें एक स्वतंत्र शिकार जन्मास आली. तिला मोठ्या शिकारीचा डौल नाहीं. भिंतीवर लावावें असें शिंग वा कातडें तिच्यांतून मिळत नाहीं. पिकाचा नाश करणाऱ्या लहान प्राण्यांना तेथील बोलींत ‘व्हार्मिंट’ म्हणतात. ‘व्हर्मिन’ या शब्दाचा हा गांवठी उच्चार आहे. बारीक गोळीच्या रायफलीनें होणारी ही शिकार बहुधा दोघे मित्र मिळून करतात. गोळी तर एकच जण झाडतो. मग दुसरा कशाला? या प्रश्नाच्या उत्तरांतच या शिकारीचें मर्म आहे.

या शिकारीची मूळ भूमि म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागांतील कुरणें आणि घासाचीं शेतें. तेथें वुडचक नांवाचा प्राणी राहतो. खारीच्या कुळांतील हा जीव मांजराएवढा, पण अंगानें लठ्ठ, पायांनीं आंखूड आणि खोदण्यांत पटाईत. क्लोव्हर, लसूणघास, सोयाबीन, मळ्यांतील भाजी, जें जें कोवळें तें त्याचें. परंतु त्याच्या खाण्यापेक्षां त्याच्या बिळांचीच शेतकऱ्यास अधिक धास्ती. फूटभर रुंद तोंडाचें बीळ उंच गवतांत दिसत नाहीं. पूर्वीं घोड्याचा पाय त्यांत जाऊन मोडण्याची भीति असे. घोडे जाऊन यंत्रें आलीं, तरी बिळाच्या तोंडाशीं सांचलेल्या माती-धोंड्यांवर गवत कापण्याच्या यंत्राचीं पातीं अजूनहि मोडतात. न्यू हॅम्पशायर संस्थानच्या विधिमंडळानें १८८३ सालीं या प्राण्याच्या उपद्रवाचा विचार करण्यास एक समिति नेमली आणि दर वुडचकामागें दहा सेंटांचें बक्षीस ठरविलें. मात्र रविवारीं मारलेल्या वुडचकाबद्दल बक्षीस मिळणार नाहीं, अशी अट घातली. याच प्राण्याला पेनसिल्व्हेनियांतील पंक्सटॉनी गांवचे लोक १८८७ पासून दर वर्षीं २ फेब्रुवारीस समारंभानें बाहेर आणतात आणि त्याला स्वतःची सावली दिसली कीं नाहीं यावरून हिवाळा किती उरला याचें भाकीत करतात. एकाच प्राण्याच्या जिवावर बक्षीस लावावें आणि त्याच्याकडूनच भविष्य ऐकावें, हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

वुडचक बिळापासून फार दूर जात नाहीं. मागच्या पायांवर उभा राहून तो चोहोंकडे पाहतो आणि संशय येतांच शीळ घालून बिळांत नाहींसा होतो. त्याला गांठावयाचें तें दुरूनच. १८८७ सालीं निघालेलें .२२ इंच व्यासाचें ‘लाँग रायफल’ काडतूस आजहि खेड्यापाड्यांत घरोघर आढळतें. त्याची गोळी ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमांहून थोडी जड. पण पाऊणशें-शंभर वारांपलीकडे तिचा भरंवसा उरत नाहीं. १९३० च्या सुमारास स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेंतील टाउन्सेंड व्हेलेन प्रभृति अधिकाऱ्यांच्या प्रयोगांतून ‘हॉर्नेट’, म्हणजे गांधीलमाशी, या नांवाचें काडतूस तयार झालें आणि पल्ला दीडशें वारांवर गेला. १९३५ सालीं विंचेस्टर कंपनीनें ‘स्विफ्ट’ काढलें. त्याची ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगानें सुटे. गोळीचा व्यास बहुतेक तोच, वजनांत फरक थोडा, पण वेग जुन्या काडतुसाच्या तिपटीहून जास्त! पुढें १९५० सालीं ‘२२२ रेमिंग्टन’ आलें, आणि २००२ सालीं तर अवघ्या १७ ग्रेनची, एका ग्रॅमहून किंचित् जड अशी गोळी असलेलें .१७ इंच व्यासाचें काडतूस बाजारांत आलें. अशा रीतीनें हत्यार इतकें अचूक झालें कीं चूक व्हावयाची ती माणसाचीच, असें म्हणण्याची पाळी आली.

येथेंच सोबत्याचें काम सुरू होतें. गोळी जितकी हलकी तितकी ती वाऱ्याच्या अधीन. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा १७ ग्रेनच्या गोळीस दोनशें वारांवर फूटभराहून अधिक बाजूस ढकलतो. आणि ज्या प्राण्यावर नेम धरावयाचा त्याची छाती वीतभरहि रुंद नसते. वारा डोळ्यांना दिसत नाहीं, पण त्याच्या खुणा दिसतात. गवताचीं पातीं कोठें वांकतात, धूळ कोणीकडे जाते, हें सोबती पाहतो. उन्हाळ्यांत तो आपल्या मोठ्या दुर्बिणींतून मृगजळ निरखतो. तापलेल्या जमिनीवरील हवेच्या लहरी एका बाजूस वाहतांना दिसल्या तर वारा त्या दिशेचा; त्या सरळ वर चढत असल्या तर आडवा वारा नाहीं. हें पाहून तो हळूच सांगतो, “डावीकडे चार बोटें धर.” बंदूक उडतांच दस्ता खांद्यास धक्का देतो, नळी हलते, आणि गोळी कोठें लागली हें झाडणारास बहुधा दिसतच नाहीं. मागें कोठें धुळीचा फुगारा उठला, तें पाहणारा सोबतीच. गोळी एकाची खरी, पण नेम दोघांचा असतो.

उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळीं अथवा ऊन उतरल्यावर हे मित्र शेतावर जातात. प्रथम शेतकऱ्याची परवानगी. नंतर जें फाटक उघडलें तें लावून घेणें. गुरें कोणत्या कुरणांत सोडलीं आहेत याची विचारपूस. मग बांधाच्या आडोशास पालथें पडावयाचें. सोबती झाडणाराच्या बाजूस, किंचित् मागें बसतो. नळीच्या पुढें एक पाऊलहि जात नाहीं. दोघांपैकीं कोणी उठला कीं बंदुकीचा बोल्ट उघडा. एकाच्या दोन-चार गोळ्या झाल्या म्हणजे जागा बदलतात. यांत न्याय आहे तसा व्यवहारहि आहे. वेगवान् काडतुसांनीं नळी लौकर तापते आणि तापलेली नळी झिजते, म्हणून एकाची बंदूक निवेपर्यंत दुसऱ्याची पाळी. मधल्या वेळांत तासन्‌तास कांहींच घडत नाहीं. वुडचक बाहेर येत नाहीं, ढग सरकतात, दोघे हलक्या आवाजांत घरच्या गोष्टी बोलतात. पुष्कळांच्या दृष्टीनें शिकारीचा उत्तम भाग हाच.

परंतु सोबत्याचें सर्वांत मोठें काम याहून निराळें आहे. ‘मार’ म्हणण्यापेक्षां ‘थांब’ म्हणणें, हें तें काम. बंदुकीच्या दुर्बिणींतून पाहणाराचें जग मूठभर होतें. प्राणी आणि त्यावर टेकलेलें चिन्ह, याखेरीज त्याला कांहीं दिसत नाहीं. त्याचें बोट चापावर असतें, श्वास रोखलेला असतो, आणि अशा क्षणीं विवेकापेक्षां उत्सुकता बळावते. ज्याच्या हातांत बंदूक नाहीं त्यालाच सारें शेत दिसतें. वुडचक टेकाडाच्या माथ्यावर उभा आहे आणि त्याच्या मागें नुसतें आकाश आहे, तेव्हां थांब. साधी .२२ ची गोळीहि अडली नाहीं तर मैल-दीड मैल जाते, आणि टेकाडापलीकडे कोणाचें घर आहे हें तिला ठाऊक नसतें. मागें मातीचा उतार असला तरच ती गोळी विश्वासाची. झाडीच्या कडेला गाय फिरते आहे, थांब. मादीचीं पिलें अद्याप बिळांतच आहेत. त्यांना उपाशी मारण्यांत काय पुरुषार्थ? थांब. अंतर फार आहे, प्राणी जखमी होऊन बिळांत शिरेल आणि तडफडून मरेल, थांब. वेगवान् गोळीचें कवच मुद्दाम पातळ ठेवितात. ती लागतांच फुटते, त्यामुळें मरण तात्काळ येतें आणि गोळी उसळून भलतीकडे जाण्याचा धोकाहि कमी होतो. पण हें सारें नेम बरोबर बसला तर.

पश्चिमेकडील माळरानांवर हा विवेक अधिकच कसोटीस लागतो. तेथें वुडचकाच्या जागीं प्रेअरी डॉग असतो. नांव कुत्र्याचें, पण जात खारीची. त्याच्या वसाहती एकरोएकर पसरलेल्या असतात, आणि एका दिवसांत शेंकडों काडतुसें उडविण्याचा मोह तेथें सहज पडतो. तेव्हां राखण संपून नुसती निशाणबाजी कोठें सुरू झाली हें झाडणारास कळत नाहीं. याच बिळांतून घुबडाची एक लहान जात राहते आणि बिळाच्या तोंडाशीं उभी असते. दुरून ती चटकन् ओळखूं येत नाहीं, आणि तिला मारणें १९१८ च्या पक्षिसंरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. यूटा संस्थानांतील प्रेअरी डॉगची जात तर स्वतःच संरक्षित आहे. काळ्या पायांचें फेरेट जवळजवळ सर्वस्वीं प्रेअरी डॉगवरच जगतें. विषप्रयोग, नांगरट आणि प्लेग यांनीं प्रेअरी डॉगच्या वसाहती उजाड झाल्या, तसें तेंहि नाहींसें झालें. हा प्लेग म्हणजे १८९६ सालीं मुंबईंत हाहाकार उडविणारी तीच साथ. १९०० सालीं ती सॅन फ्रान्सिस्कोस पोंचली आणि तेथून रानांत शिरली. हें फेरेट कायमचें नष्ट झालें असें मानीत असतां १९८१ सालीं वायोमिंगमधील मीटीत्सी गांवाजवळ त्याचा पुन्हा शोध लागला. १९८७ सालीं पकडून जतन केलेलीं अवघीं अठरा उरलीं होतीं. त्यांच्याच संततीपासून १९९१ नंतर तीं पुन्हा माळावर सोडण्यांत येऊं लागलीं. ज्याला एका शेतकऱ्यानें उपद्रवी म्हणावें त्यावर दुसऱ्या जीवाचा संसार चाललेला असतो, हें येथें कळून येतें.

आणखी एक हिशेब मागाहून ध्यानांत आला. फुटलेल्या गोळीचे शिशाचे सूक्ष्म कण मेलेल्या प्राण्याच्या अंगांत राहतात. तें कलेवर ससाणे व गरुड खातात आणि त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्निया संस्थानानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. तेथील शिकाऱ्यांना आतां तांब्याच्या गोळ्या वापराव्या लागतात, आणि त्या महाग पडतात म्हणून कुरकुरहि होते. पण गोळी झाडली म्हणजे शिकाऱ्याची जबाबदारी संपली असें नव्हे, हें तत्त्व त्या कायद्यानें मान्य केलें.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस मनाई आहे, आणि पिकाच्या नासाडीसाठीं कोणता प्राणी मारावयाचा याची परवानगी सरकारच देऊं शकतें. म्हणून ही शिकार महाराष्ट्रांतील श्रोत्यांनीं करावी असा प्रश्नच नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्याचें पीक एका रात्रींत रानडुकरांनीं लोळविलें आहे त्याला शेत कीं जीव हा प्रश्न परका वाटणार नाहीं. शेताचें रक्षण करावें, हें खरें. पण रक्षण कोठें संपतें आणि नाश कोठें सुरू होतो, हें हातांत हत्यार असणाऱ्यास एकट्याला ठरवितां येत नाहीं. उत्तम रायफल पैसे टाकून मिळते, उत्तम दुर्बीणहि मिळते. ऐन क्षणीं खांद्यावर हात ठेवून “राहूं दे” म्हणणारा सोबती मात्र मिळवावा लागतो, आणि त्याचें ऐकण्याची संवय लावून घ्यावी लागते. ज्या दिवशीं एकहि गोळी न झाडतां दोघे मित्र समाधानानें घरीं परततात, त्या दिवशीं त्यांना ही शिकार खरी साधली असें म्हणावयास हरकत नाहीं.