दिवसभर बागेत, अर्धा तास परसात

आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. कार्तिक सरत आला, मार्गशीर्ष तोंडावर आहे. आपल्याकडे हे दिवस म्हणजे कामाची नुसती घाई. द्राक्षबागेत शेंडे मारायचे, घडांची विरळणी करायची, डिपिंग करायचं. शिवाय कांद्याची लागण. सकाळी डबा घेऊन निघालेली बाई दिवेलागणीला घरी येते. मग परसातल्या भाजीकडे बघायचं कोणी आणि कधी?

पण जरा विचार करा. रोप किती खोल लावायचं, कोणतं फूट ठेवायचं, कोणतं काढायचं, हे आपल्या बोटांना पाठ आहे. ही विद्या आपण दिवसभर मजुरीवर देतो आणि येताना मेथीची जुडी विकत घेऊन येतो. त्यातला अर्धा तास आपल्या घरासाठी काढायचा, एवढंच आमचं सांगणं आहे.

आधी पेरणीचं बघू. तीन फूट रुंद, सहा फूट लांब असे चार वाफे पुरतात. माती भुसभुशीत करून प्रत्येक वाफ्यात दोन पाट्या कुजलेलं शेणखत मिसळा. एका वाफ्यात मेथी, दुसऱ्यात पालक, तिसऱ्यात कोथिंबीर टाका. चौथ्यात मुळा आणि गाजर. धने आख्खे टाकू नका. पाटावर चपलेने हलके रगडून दोन फाके करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. वाफ्याच्या कडेने लसणाच्या कुड्या चार-चार बोटांवर टोचा, टोक वर ठेवून. सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नका. अर्धा वाफा आज, अर्धा पंधरा दिवसांनी. म्हणजे सगळी एकदम काढणीला येत नाही.

आज पेरलेली मेथी महिन्याभरात हाताशी येते. पालक त्याच सुमारास खुडायला येतो. मुळा आणि कोथिंबीर दीड महिन्यात. म्हणजे भोगीच्या दिवशी निम्मी भाजी घरची असेल. गाजराला मात्र अडीच-तीन महिने द्यावे लागतात.

आता थंडी. आपल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी बातम्यांत असतो. काही वर्षी तो चार अंशांच्याही खाली उतरला आहे. गव्हाला थंडी मानवते, पण टोमॅटो, वांगी, मिरची यांची कोवळी रोपं एका रात्रीत करपतात. बागाईतदार अशा वेळी काय करतो? पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडतो, शेकोट्या पेटवतो. आपणही थंडीची लाट सांगितली की संध्याकाळी वाफ्याला हलकं पाणी द्यायचं. ओली माती लवकर गार पडत नाही. बुडाशी पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट पसरायचं. रोपांवर चार काठ्या रोवून जुनं लुगडं टाकायचं आणि ऊन आलं की काढून घ्यायचं. एरवी मात्र पाणी बेतानेच. थंडीत रोज पाणी दिलं तर मुळं कुजतात.

वालावर, पावट्यावर याच दिवसांत मावा येतो. सकाळी दव असताना चुलीची चाळलेली राख पानांवर भुरभुरायची. तरी राहिला तर 50 ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा टाका आणि संध्याकाळी फवारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यापैकी पुष्कळ जणींची घरं बागेला लागून आहेत. बागेतली फवारणी वाऱ्याने परसात येते. म्हणून बागेच्या अंगाला पालेभाजी लावू नका. त्या बाजूला शेवगा किंवा दाट मका लावा. फवारणीचा दिवस मालकाला आधी विचारून ठेवा. त्यात लाजायचं काही नाही. त्या दिवशी वाफे झाका, भाजी खुडू नका. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला, तरी त्याने पाणी घालायचं नाही. आणि बागेतून आल्यावर आधी हातपाय धुवून लुगडं बदलायचं, मगच भाजीला आणि लेकराला हात लावायचा.

एकटीने हे सगळं जमत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. आमच्या गटात बियाणं वाटून घेतात. एकीकडे पालकाचं बी, दुसरीकडे गावरान वालाचं. मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने पुडी आणायची. घरातही पाणी घालायचं काम पोरांना द्या, वाफे खणायचं काम घरधन्याला. भाजी सगळ्यांनीच खायची आहे ना!

आणि ताटाचं एक सांगतो. सगळ्यांना वाढून पातेल्यात उरेल ते आपण खायचं, ही आपली जुनी खोड. रक्त कमी, चक्कर येते, अंगात त्राण नाही, हे आपल्याच बायकांना जास्त होतं. पालेभाजीत लोह असतं आणि वर लिंबू पिळलं की ते अंगी लागतं. तेव्हा पहिली मेथी खुडाल त्या दिवशी आपल्या ताटातही पळीभर आधीच वाढून ठेवा. गरोदर सून, वयात आलेली लेक घरात असेल तर तिच्याही ताटात.

येत्या रविवारी निदान एक वाफा तयार करा.