साचा आपल्या हातचा हवा



लघुउद्योजकांच्या या मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही एका प्लास्टिक मोल्डिंगवाल्याला दिलेत. जवळा बाजार, औंढा, वसमतच्या या हळदीच्या मुलखात प्लास्टिकचे काय काम, असे कुणी विचारेल. त्याने ठिबकवरच्या कोणत्याही शेतात जावे. जॉइनर, टेक-ऑफ, एंड कॅप, कॉक हे सगळे इंजेक्शन मोल्डिंगमधूनच निघते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाला साजेसे पीक काढायचे, तर पाण्याची जोडणी हंगामभर टिकली पाहिजे.

मोल्डिंगचे काम सांगायला सोपे आहे. हॉपरमधून प्लास्टिकचा दाणा बॅरलमध्ये उतरतो, स्क्रू त्याला घुसळत वितळवतो आणि दोनशे अंशांच्या वर तापलेला रस बंद साच्यात दाबाने भरतो. साच्यातून पाणी खेळते, माल थिजतो, इजेक्टर पिना तो बाहेर ढकलतात. हायट बंधूंनी १८७२ मध्ये अमेरिकेत या यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा त्यात पिचकारीसारखा दट्ट्या होता. स्क्रू १९४६ मध्ये जेम्स हेन्ड्री यांनी आणला.

यंत्र पैसे मोजले की मिळते. विद्या आहे ती साच्यात. पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक थंड होताना साधारण दीड-दोन टक्के आकसते. म्हणजे पन्नास मिलिमीटरचा भाग हवा असेल, तर साच्याच्या पोलादात जवळजवळ एक मिलिमीटर जास्त कोरावे लागते. तेही सगळीकडे सारखे नाही, कारण जाड भिंत जास्त आकसते. हा हिशेब चुकला की जॉइनर नळीत सैल बसतो आणि गळतो.

उन्हाळ्यात तडकलेला जॉइनर हातात घेऊन नीट पाहा. पुष्कळदा चीर वेल्ड लाइनवर सापडते. जॉइनरची पोकळी घडवणाऱ्या साच्यातल्या खुंटाला वळसा घालून आलेले रसाचे दोन प्रवाह जिथे मिळतात, ती ही रेघ. रस किंवा साचा थंड असला, की तो सांधा कच्चा राहतो. दुसरे कारण दाण्यातली भेसळ. ठिबकच्या भागांना काळा रंग देणारी काजळी त्यांना उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवते. तिच्यात काटकसर केली की माल लवकर ठिसूळ होतो.

रिसायकल दाण्याला माझा मुळीच विरोध नाही. रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत थिजलेले प्लास्टिक, आणि बाद माल दळून पुन्हा वापरलाच पाहिजे. पण बादलीला चालणारे मिश्रण पाण्याच्या दाबाखालच्या फिटिंगला चालत नाही. ते नवा दाणा म्हणून विकणे ही शेतकऱ्याची उघड फसवणूक आहे, आणि आपल्या धंद्यातल्या माणसांनी ती बंद केली पाहिजे.

आता मुलांविषयी. आपली मुले वाळूज, चाकणला जातात आणि मशीनपाशी उभी राहून वर्षानुवर्षे मालाचा फ्लॅश, म्हणजे कडेला आलेले जादा प्लास्टिक, कापतात. कष्टात ती कुठेच कमी नाहीत. साचा घडवायला त्यांना कुणी शिकवलेले नसते, एवढेच. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात साचे घडवायला शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे, प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणारी सिपेट आहे. दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था आहेत आणि दहावीनंतर पदविकेला प्रवेश मिळतो. इथल्या दुकानदारांना, शिक्षकांना आणि आई-वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे: यंदा दहावीचा निकाल लागला की गावातल्या निदान एका मुलाचा आणि एका मुलीचा अर्ज तिथे भरा.