सांचीला जाताय? उदयगिरीसाठी दोन तास ठेवा

भोपाळला गेलेली आपली माणसं सांचीचा स्तूप पाहून परततात. तिथून सुमारे १० किलोमीटरवर, विदिशाजवळ, उदयगिरी ही छोटीशी टेकडी आहे. मी तिथं थांबायला सांगतो, त्याला कारण आहे.

टेकडीत २० लेणी आहेत. पाचव्या लेण्यातला वराह १२ फुटांहून उंच, पृथ्वीला दातावर तोलून उभा. सहाव्या लेण्यात गुप्त संवत ८२ चा, म्हणजे इ. स. ४०१-०२ चा लेख आहे. त्यात दुसऱ्या चंद्रगुप्ताचा उल्लेख येतो. याच चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून झाली. पती गेल्यावर, मुलं लहान असताना विदर्भाचा कारभार तिनंच सांभाळला. रामटेकच्या टेकडीवरही वराह आहेच! म्हणजे उदयगिरीशी आपलं सोयऱ्यांचं नातं.

जवळच बेसनगरला हेलिओडोरसचा स्तंभ पाहा. तक्षशिलेहून आलेल्या या ग्रीक राजदूतानं वासुदेवासाठी तो गरुडध्वज उभारला. गावकरी त्याला ‘खांबबाबा’ म्हणतात.

एकच विनंती. आपल्या सह्याद्रीचा कातळ कठीण, इथला वालुकाश्म मऊ. मूर्तींना हात लावू नका. सोयऱ्यांच्या घरी जसं जपून वागतो, तसं वागा.