पाचांची बैठक आणि जमिनीचा व्यवहार



आजचा विषय जरा रुक्ष आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. शेतजमीन, भूखंड, घरे, दुकानाचे गाळे यांत पैसा गुंतविणाऱ्या लोकांनी एकमेकांशी विचारविनिमय करण्यासाठी आपले लहानसे मंडळ स्थापावे, एवढेच मला सुचवावयाचे आहे. अमेरिकेत अशा मंडळाला ‘मास्टरमाइंड ग्रुप’ म्हणतात. नेपोलियन हिल या लेखकाच्या १९३७ सालच्या पुस्तकाने हे नाव लोकप्रिय केले. नाव मोठे भारदस्त आहे. पण ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणत आलेल्या आपल्या समाजाला त्यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

गरज आहे ती आचरणाची. बैल घ्यावयाचा असला तर आपण चार जाणत्यांना दात पाहावयास नेतो. सोयरीक जुळवावयाची असली तर दहा ठिकाणी चौकशी करतो. आणि आयुष्याची कमाई ज्यात जावयाची, तो भूखंड मात्र गुपचूप घेतो! का? तर बातमी फुटली की भाव चढेल, भाऊबंद आडवे येतील, कोणाची दृष्ट लागेल. मध्यस्थ सांगतो, ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’, आणि आपण त्याच संध्याकाळी इसार देऊन मोकळे होतो. फसवणाऱ्याला आपले अज्ञान उपयोगी पडतेच. पण त्याहून अधिक उपयोगी पडतो तो आपला एकटेपणा.

हा पैसा कोणाचा असतो, याचाही विचार करा. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी असते. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने पाठविलेली शिल्लक असते. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातल्या मेहकर आणि सिंदखेड राजा या भागांतून गेला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. अशा कामांत ज्यांच्या जमिनी जातात, त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी एका आकड्याच्या रूपाने येते. ती चुकीच्या जागी गेली, तर पुन्हा पेरून उगवणारी नसते.

आता पाचांच्या बैठकीने नेमके काय साधते, ते पाहू.

पहिला लाभ माहितीचा. आपले धाड विदर्भाच्या शिवेवर आहे. पुढे भोकरदनकडे गेले की मराठवाडा लागतो. शेतजमिनीच्या हस्तांतरणाला आपल्याकडे विदर्भासाठी केलेला १९५८ चा कूळकायदा लागू आहे, तर पलीकडे हैदराबाद राज्याचा १९५० चा. गाडीने थोडे अंतर जाताच कायद्याचे पुस्तक बदलते! शिवाय जमिनीच्या तुकड्यांविषयीचा १९४७ चा कायदा आहेच, आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत आल्या आहेत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेले असेल, तर बहुधा परवानगीवाचून विक्री होत नाही. विक्रीसाठी पाडलेल्या भूखंडांच्या मोठ्या योजनांना महारेराची नोंदणी लागते. हे सारे एका माणसाला ठाऊक असणे कठीण. पण पाचांपैकी प्रत्येकाला त्यातले एकेक कलम आपापल्या व्यवहारातून शिकावे लागलेले असते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरे; मात्र पुढच्याने आपली ठेच मागच्याला सांगितली पाहिजे.

दुसरा लाभ प्रश्नांचा. समजा, एकजण सांगतो की वडिलोपार्जित शेताचा तुकडा स्वस्तात मिळतो आहे. बैठकीतली एखादी भगिनी चटकन विचारील, ‘विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का?’ हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ज्या सौद्यात बहिणीला वगळलेले असते, त्याचा स्वस्तपणा पुढे न्यायालयात महाग पडतो. आणि त्याआधी तो एका बहिणीला महाग पडलेला असतो. म्हणून माझा आग्रह आहे की या मंडळात स्त्रिया असाव्यात, आणि त्या हजेरीपुरत्या नसाव्यात.

तिसरा लाभ हिशेबाचा. दहा लाखांचा भूखंड दहा वर्षांनी अठरा लाखांना विकला, म्हणजे ‘जवळजवळ दुप्पट झाले’ असे आपण अभिमानाने सांगतो. चक्रवाढीने मांडून पाहा. वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास पडतात. त्यातून मुद्रांक, नोंदणी, कुंपण आणि मध्यस्थी वजा करा. वीस लाखांच्या घराचे महिना सहा हजार भाडे आले, तर वर्षाचे बहात्तर हजार होतात, म्हणजे ३.६ टक्के, कर आणि डागडुजी त्यातूनच जावयाची. जमीन घेऊ नये, असे मी म्हणत नाही. आकडा दुसऱ्यासमोर मांडला की मनातला मोह जरा खाली बसतो, एवढेच म्हणतो.

अशा मंडळाचे एक जुने उदाहरण आहे. १७२७ साली फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या मुद्रकाने ‘जंटो’ नावाचे मंडळ काढले. त्यात दस्तांच्या नकला करणारा होता, जमीन मोजणारा होता, सुतार होता. दर शुक्रवारी सायंकाळी ते जमत. ठासून बोलणाऱ्यास आणि दुसऱ्याचे म्हणणे धुडकावणाऱ्यास तेथे थोडासा दंड असे! हा नियम आपणही उचलण्यासारखा आहे.

परंतु इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याची सुमारे चारशे एकर शेती होती. शहर अंगावर येत होते, आणि तुकड्यातुकड्याने जमीन विकून मोकळे होण्याचा मार्ग समोर होता. सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांनी श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन त्याला त्या प्रमाणात भाग दिले. त्या शिवारात आज नगर उभे आहे, आणि शेतकऱ्यांची मुले त्यात मजूर न होता भागीदार झाली. मात्र एक गोष्ट विसरू नका. कंपनी हे शेवटचे पाऊल होते. आधी घराघरांशी बोलणे झाले, विश्वास जमला.

म्हणून आपल्या मंडळासाठी चार नियम सुचवितो. सभासद पाच ते आठ असावेत, आणि ज्याची दलाली सौद्यावर अवलंबून आहे असा कोणी त्यांत नसावा. महिन्यातून एक दिवस ठरलेला असावा, आणि जे बोलणे झाले ते वहीत लिहावे. महिलांच्या बचत गटांनी ही शिस्त गावोगाव घालून दिलेली आहे. सल्ला सर्वांचा, पण निर्णय आणि पैसा ज्याचा त्याचा. सामाईक थैली सुरुवातीला काढूच नये. लोकांकडून ठेवी गोळा करण्याचा मोह तर मुळीच नको. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे. आणि चौथा नियम असा की बैठकीत ऐकलेल्या सौद्यावर दुसऱ्याने परस्पर झडप घालू नये. हा एक नियम मोडला, की मंडळ मोडलेच समजा.

कोणी म्हणेल, ‘गावात एवढा विश्वास उरला आहे कुठे?’ प्रश्न खोटा नाही. पण विश्वास आधी आणि बैठक मागून, असा क्रम सहसा नसतो. पहिल्या महिन्यात आपल्या मिळकतीचा आकडा सांगू नका; जुन्या, संपलेल्या व्यवहाराची हकीकत तेवढी सांगा. दुसऱ्या महिन्यात एखादा सातबारा मध्ये ठेवून सर्वांनी मिळून वाचा. फेरफार पाहा, ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजा पाहा. कागद एकत्र वाचता वाचता माणसेही एकमेकांना वाचू लागतात.

वकिलाचा सल्ला आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला शोध यांना ही बैठक पर्याय नाही. त्यांच्याकडे इसार देण्यापूर्वी जावे, एवढी आठवण जरी तिने करून दिली, तरी एखाद्या घरातली भाकरी वाचेल.